अक्काच्या नावाचा तांदूळ

प्रिय अक्का,

येत्या आषाढात तुला जाऊन वर्ष होईल. आज तुझा इतका राग आलाय की कुणाजवळ तरी बोलायलाच हवं, आणि असल्या गोष्टी मी तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलले कधी?

पंचवटीत खानावळ चालवणाऱ्या यशोदाबाई सकाळी आमच्या धान्याच्या दुकानात आल्या होत्या. मागे नेलेल्या तांदळाचं कौतुक करत ह्यांना म्हणाल्या, "काय मोकळा भात होतो हो! अक्कांच्या हातचाच ना? अजून शिल्लक होता वाटतं!"

हातचा! कापणीपासून पोत्यात भरेपर्यंत त्या तांदळाला तुझं बोटसुद्धा लागलं नव्हतं. तो माझा होता, अक्का. आणि आमचे हे हसून म्हणतात कसे, "त्यांचीच पुण्याई!"

घोटीकडच्या तुझ्या सासरहून तू पहिल्यांदा पोतं घेऊन आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. ह्यांनी मूठभर तांदूळ हातावर पसरला. "अक्का, यात खडे आहेत, कणी आहे, जाडा-बारीक सगळा एकत्र आहे. रंगूनचा पांढरा, एकसारखा तांदूळ स्वस्तात मिळत असताना गिऱ्हाईक हा का घेईल?"

मला वाटलं, आता तू रडशील. रडली असतीस तर मला थोडं बरंच वाटलं असतं! पण तू विचारलंस, "आणि एकसारखा आणला तर घ्याल?"

मग तू गावात घरोघर फिरलीस. आंबेमोहोर वेगळ्या कणगीत ठेवायला लावलास. भात कांडायला गावातल्या पारूबाईला आणि तिच्या सोबतिणींना उखळाशी बसवलंस. पुढच्या पौषात तू आणलेला तांदूळ पाहून ह्यांनी तुला दुकानात खुर्ची आणून दिली. खुर्ची! लग्न झाल्यापासून मी त्या दुकानाच्या उंबऱ्याआडून "चहा आणू का?" एवढंच विचारत आले, आणि तू तिथे बसून भाव ठरवलास. चहाचा पेला तुझ्या हातात देताना मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते तुला दिसलं नाही का ग?

आणि मग गेल्या आषाढात, भाताच्या आवणीला, ताप अंगावर काढत चिखलात उभी राहिलीस. का? नाशिकला निरोप धाडला असतास तर मी डॉक्टरांना घेऊन धावत आले असते. एकदा तरी तुला माझी गरज लागली असती. तेवढंही मला करू दिलं नाहीस.

दिवाळीनंतर पारूबाई दुकानापुढे येऊन उभी राहिली. "अक्का नाय, आता आमचा भात कोन घेनार? घोटीचा व्यापारी लय पाडून मागतो."

ह्यांनी मान हलवली. आता रंगूनचाच ठेवू, म्हणाले. तेव्हा मी उंबरा ओलांडून गिऱ्हाइकांसमोर आले आणि म्हणाले, "मी घेणार." दया आली म्हणून बोलले असं समजू नकोस. तुला जमलं ते मला का जमू नये, एवढंच डोक्यात होतं.

तुझ्या गावात तर उभं राहणं मुश्कील! भात वाळत घातला तरी "अक्का असं करत नव्हत्या." पाखडायला घेतलं तरी तेच. शेवटी तू कधीच केलं नव्हतंस ते मी केलं. मागणी वाढली होती, उखळं पुरी पडत नव्हती. मी भात घोटीच्या गिरणीत न्यायचं ठरवलं.

पारूबाई गाडीला आडवी आली. "गिरनीत नेला तर आमी काय करायचं?"

"खडे निवडायचे, कणी वेगळी करायची. मजुरी आहे तीच राहील," मी म्हटलं. ती गाडीपुढून हटली. मग गाडीत चढून बसली. "चला, बघते तुमची गिरनी."

गिरणीवाला म्हणाला, "बाई, दोनदा फिरवून पांढराशुभ्र करून देतो." मी म्हटलं, "एकदाच. नुसतं तूस निघू दे." पहिल्या खेपेला निम्म्याची कणी झाली. मी तिथेच, इंजिनाच्या धडधडाटात, रडले. मग त्याच्याशी भांडून यंत्र सैल करायला लावलं, आणि अख्खा दाणा खाली पडायला लागला! तुला हाक मारून दाखवावंसं वाटलं. बघ, हे तुला सुचलं नव्हतं!

आणि तोच तांदूळ आज तुझ्या हातचा ठरला. मी यशोदाबाईंना स्पष्ट सांगितलं, "हा माझा आहे." त्या म्हणाल्या, "अगं, तुझा नि तिचा काय वेगळा?" आणि आणखी दोन पोती सांगून गेल्या. मेलेल्या बहिणीशी भांडायचं तरी कसं, सांग ना!

पण ऐक. यंदा सुगीला मी पेठकडच्या डोंगरात जाणार आहे. तिथले लोक भात झोडला की मिळेल त्या भावाला देऊन टाकतात आणि मजुरीसाठी घर सोडतात. त्यांचा भात मी घेईन, वेगळा ठेवीन, नाशकात विकीन. तिकडे तू कधी गेली नाहीस, अक्का. तिथे तुला कुणी ओळखत नाही. तिथे मी पहिली असेन.

आणि कुणी विचारलंच, "बाई, हे कुठं शिकलात?" तर तुझं नाव सांगेन. वचन देते.

पण एकदाच.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
तुझी धाकटी
गोदू