टिप्याला गुंतवायचं कशात

२ ऑगस्ट १९७८, बुधवार

टिप्या कोठीच्या दारापुढून हलायला तयार नाही. शेपूट हलवतो, फटीत नाक खुपसतो, कुईकुई करतो. हाकललं तरी परत तिथेच. आणि कोठीत चंद्रभान सर आहेत!

परवा त्यांची वस्ती जाळली. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे पेटलंय, ते आमच्या गावातही आलं. सर सायकल घेऊन मागच्या दाराने आत शिरले, अंगावरच्या कपड्यांनिशी. बायनाबाई, त्यांची बायको, पळापळीत हातातून सुटली. कुठे आहे, आहे की नाही, काही कळत नाही.

सर ह्यांच्याच शाळेत दोन वर्षं शिकवतात. दर रविवारी यायचे, ओसरीवर बसायचे आणि मी दिलेल्यातलं अर्धं टिप्याला घालायचे. कुत्र्याचा फार जीव त्यांच्यावर. ओसरीच्या आत सर कधी आले नाहीत. आम्हीही कधी या म्हटलं नाही. आता माझ्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसलेत. मोठेपणा कशाला लिहू — मला भीती वाटते.

ही वही पिठाच्या डब्यात ठेवायची.

३ ऑगस्ट

टिप्याला बांधलं तर ओरडून गल्ली गोळा करतो. सोडलं तर जाऊन कोठी दाखवतो. आमचे घरमालक दिनकरराव, भिंतीला भिंत लागून राहतात, दिवसातून दोनदा ओसरीवर येऊन बसतात. त्यांचा पुतण्या वस्ती जाळणाऱ्या जमावात होता. सरांची काही खबर हाय का, असं आडून आडून विचारतात. आमच्या तोंडून काढून घ्यायचंय, दुसरं काय!

हे म्हणाले, टिप्याच्या भाकरीत फवारणीचं औषध घालू. एका कुत्र्यापायी माणूस जाईल. बोलणं खोटं नाही. पण ज्या हाताने वाढवला त्याच हाताने? दोन दिवस मागून घेतले.

खाण्याशिवाय तो कशात गुंतणार? पण भाकरी टाकली की दोन घासांत संपते, परत दारापाशी. खाणं असं पाहिजे की वास यावा, चव लागावी, पण हाती यायला तास जावा. तांब्यात तुकडे घातले. त्याने तांब्या फरशीवर असा बडवला की दिनकररावांनी भिंतीपलीकडून विचारलं, काय पडलं?

दुपारी नारळाला भोक पाडून आत गूळ-भाकरी कोंबली. गडगड गडगड घरभर. शेवटी फोडलाच. मग जुन्या लुगड्याचं घट्ट गाठोडं केलं, आत तुकडे. चिंध्या झाल्या पाच मिनिटांत. एक दिवस गेला.

४ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी कोठीतून हळूच आवाज आला, "वहिनी, विळी द्या जरा. आन् सुतळी."

सरांनी स्वतःच्या सायकलचं टायर कापलं! वीतभर तुकडा घेऊन दोन्ही कडा सुतळीने शिवल्या, नळी केली. आत ताकात भिजवलेली भाकरी ठासून भरायची, तोंडाशी गूळ. पंजाने दाबलं, चाटलं, की कणकण बाहेर येतं. रबर आहे, आपटलं तरी वाजत नाही.

मी म्हटलं, सर, आता इथून निघणार कसे तुम्ही? म्हणाले, "बायनाचा पत्ता लागल्याबिगर मला कुठं जायचंय?"

 मी भाकरी कुस्करत बसले.

टिप्या अंगणात तुळशीमागे नळी धरून पडून राहिला. घड्याळ लावून बघितलं. चाळीस मिनिटं!

५ ऑगस्ट

गल्लीत माणसं फिरून गेली, हातात काठ्या. आमच्या दारात थांबली. ह्यांनी हसून पाणी दिलं. मी घाईने नळी भरून टिप्यापुढे टाकली, निम्मा गूळ सांडला. टिप्याने मान वर केली नाही. माणसं पुढे गेली.

आज ह्यांनी औषधाची बाटली परत नेऊन दिली.

६ ऑगस्ट

भाकरी आदल्या दिवशीची वाळलेली घेतली तर तासभर टिकते. सर जेवत नाहीत धड. सारखं एकच, बायनाची काही खबर?

कुणाला विचारणार? विचारलं की संशय.

७ ऑगस्ट, सोमवार

दिनकरराव आज लय वेळ बसले.  कोठीच्या दाराकडे बघायचे, मग टिप्याकडे.  म्हणाले, "कुत्रं निवांत पडलंय की. सर आले की कसं नाचायचं."

मी म्हटलं, सर परभणीला गेले असतील, कुत्र्याला काय कळतं!

टिप्याकडे बघून मान हलवली आणि उठले. गेले! मी आत येऊन अक्षरशः नाचले. फसले दिनकरराव! सरांना दाराच्या फटीतून सांगितलं, तुमच्या टायरने वाचवलं हो.

८ ऑगस्ट, मंगळवार

दिनकरराव आले आणि ओसरीवर डोकं धरून बसले. बायनाबाई पहिल्या दिवसापासून त्यांच्या कडब्याच्या खोलीत होती. आमच्या भिंतीपलीकडे! पुतण्यापासून लपवून ठेवली होती. सर आमच्याकडे असतील तर दोघांची गाठ घालावी, म्हणून रोज येत होते.

मी म्हटलं, मग सरळ का नाही विचारलंत?

"तुमाला कसं इचारावं? तुमी कुनापाशी बोलला असता तर?" आणि मग म्हणाले, "काल मी तिला सांगितलं, सर तिथं न्हाईत. असते तर ते कुत्रं दारातून हललं नसतं. रातभर रडली. सकाळी बांगड्या फोडल्या आन् पूर्णा नदीच्या वाटेनं एकटीच निघून गेली."

हे चपला न घालताच त्या वाटेने पळत गेलेत. कोठीतून सर विचारतायत, वहिनी, कोण आलं होतं?