कूपन हातात असतं तर

बाई,

जुन्नरच्या सभेतल्या तुमच्या बोलण्यापेक्षा मला त्यानंतरचा सोमवार जास्त आठवतो. तेव्हा वर्तमानपत्रांत वाद चालला होता: सरकारनं शाळांना पैसा देऊ नये, पालकांना कूपन द्यावं, ते ज्या शाळेला कूपन देतील, तिला पैसे मिळतील. शिक्षकांच्या सभेत तुम्ही उठून एवढंच म्हणालात, "मढ गावाच्या वर आमच्या वाडीला एकच शाळा आहे. कूपन घेऊन पोरांनी डोंगराकडं जायचं का?" टाळ्या पडल्या. आपल्या दोनशिक्षकी शाळेतली मी धाकटी. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

वाडीवरही हे मीच मिरवत सांगितलं. तिसरीतल्या एका मुलीची आई हंडा उतरवून ऐकत होती. म्हणाली, "कूपन चांगलंच व्हतं की." मी हसले. "अगं, नेणार कुठं?" "कुठं न्हाई. तुमालाच दिलं असतं. पण देण्याआधी इचारलं असतं, तीन वरसं झाली, पोरीला वाचता का येत न्हाई?" मी गैरहजेरीचं, भातलावणीचं काहीतरी बोलू लागले. तुम्ही शेजारीच उभ्या होतात; तुम्ही सोमवारी आयांची सभा बोलावलीत.

त्या सोमवारी तुम्ही शाळेतल्या खुर्च्या आणि बाकडं अंगणात मांडता, आयांना त्यांवर बसायला सांगता, स्वतः सतरंजीवर बसता. त्या टेकायला तयार नाहीत. "ऱ्हाऊ द्या बाई, पाप लागंल." "लागू दे, माझ्या वाट्याला येईल. समजा, कूपन तुमच्या हातात आहे. मला का द्यायचं, ते विचारा." मग त्या मुलीच्या आईनं तोच प्रश्न विचारला. तुम्ही म्हणालात, "माझं चुकलं. पाढे घडाघडा म्हणते, म्हणून मी वाचून घेतलंच नाही. दिवाळीपर्यंत वेळ द्या." त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर तुम्ही त्या मुलीला घेऊन पायरीवर बसलात. दिवाळीआधीच्या सभेत ती अडखळत एक पान वाचते. आई खुर्चीतून रिकामी मूठ पुढं करते. "घ्या बाई, दिलं कूपन." तुम्ही दोन्ही हातांनी ते घेतलंत. तुमच्या निवृत्तीच्या समारंभातही तुम्ही इतक्या संकोचल्या नव्हतात.

कूपनं वाडीपर्यंत आली नाहीत. वादात मी अजून तुमचीच बाजू मांडते, डोंगराचं वाक्य सांगते, टाळ्या घेते. त्या आईचा प्रश्न मात्र सांगत नाही. आता मी आंबेगाव तालुक्यात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. उद्या पालकसभा आहे. सतरंजी झटकून ठेवली आहे, आयांसाठी. हे पत्र सतरंजीच्याच घडीत ठेवते, उद्या उलगडताना हाती यावं म्हणून. खुर्ची सोडायचं मला अजून एकदाही जमलेलं नाही.