बेटावरून शेवटी कोण उतरणार

बेट, १४ मे १९५८

चि. धर्मपाल यास भागीरथाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

अमरावतीची नोकरी लागली आणि तू पूर्णा नदी विसरलास, असं माय म्हणते. दीक्षेनंतर आपण मेलेली ढोरं ओढणं सोडलं, म्हणून काठावरच्या गावानं बेटावरच्या आपल्या वस्तीला नदी ओलांडायचा डोंगा बंद केला होता. आता आपल्या लोकांनी स्वतःचा डोंगा केला. बुद्धजयंतीला तो पाण्यात सोडला. पहिल्यांदा बसायचा मान थोराचा, म्हणून बा आणि डोमाजीकाका तासभर भांडले. दोघांत वयानं थोर कोण हे कोणालाच ठाऊक नाही. शेवटी दोघांना एकदम बसवलं.

पत्र पाठवत जा. आळशी झालास.

तुझी थोरली बहीण, बाई,
भागीरथा

अमरावती, २० जून १९६१

ती. बाईस धर्मपालचा सादर जयभीम.

गेल्या पावसाळ्यात पाणी शाळेच्या उंबऱ्याला लागलं, हे तू मला आत्ता कळवतेस? मी इथं खोली घेतली आहे. बाला आणि मायला पाठवून दे. मला रात्री झोप लागत नाही. बा तुझं ऐकतो, एवढं कर.

तुझा,
धर्मपाल

बेट, ३ जुलै १९६१

चि. धर्मपाल यास आशीर्वाद.

बा ऐकत नाही. म्हणतो, मी तिकडं येऊन काय करू, पूर आला तर इथले लोक कोण उतरवीन? तुला आपली रीत माहीत आहे. बायापोरं आधी, सगळ्यात थोर माणूस शेवटी. ती जागा तो डोमाजीकाकाला देणार नाही. मी हात टेकले.

लोभ असू दे.
भागीरथा

काठावरून, १९ सप्टेंबर १९६१

धर्मपाल,

बा गेला. काकाही गेले. रात्रभर पाणी चढत होतं. सकाळी शेवटच्या फेरीला मी आणि माय डोंग्यात होतो, अजून दोघांपुरती जागा होती. बा काकाला म्हणे, तू लहान, तू चढ. काका म्हणे, लहान तू. डोंगा वल्हवणारा श्रावण हात जोडून राहिला होता. तेवढ्यात धारेनं डोंगा ओढला. काठाला लागून वळलो, तर बेट दिसत नव्हतं.

मला त्या दोघांचा अजून राग येतो. रडूही येतं.

भागीरथा

अमरावती, १६ ऑक्टोबर १९६१

ती. बाईस,

पुरानंतर मी आलो तेव्हा मायला घेऊनच निघायला हवं होतं. ती म्हणाली, त्या दोघांचा पत्ता लागू दे, मग येईन. आता दिवाळीला येतो आणि तिला आणतो. तिचं गाठोडं बांधून ठेव.

धर्मपाल

काठ, २९ ऑक्टोबर १९६१

चि. धर्मपाल यास आशीर्वाद.

सरकारनं काठावर उंचावर जागा दिली. सगळे तिथं गेले. माय मात्र पाणी उतरल्यावर परत बेटावर गेली. आपल्या पडक्या भिंतीला ताडपत्री बांधून राहते. म्हणते, तुहा बा अजून उतरला नाही, डोमाजी उतरला नाही, आता इथली थोर मीच, मी आधी कशी उतरू? श्रावण रोज भाकर पोचवतो.

मी पाया पडले, शिव्या दिल्या, दोन दिवस जेवले नाही. तू ये, पण तिला न्यायला मिळेल असं समजून येऊ नकोस. ते दोघं सापडल्याशिवाय ती उतरायची नाही, आणि नदीनं त्यांना कुठं नेलं हे कोणाला ठाऊक नाही.

बाईवर माया ठेव.
भागीरथा