टकलाच्या फोटोखाली तेलाची बाटली

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण कंबर धरली आहे. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतील तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला कमी झाला का? (गच्चीवर जाऊन विडी ओढतात त्याचा खोकला म्हणते मी. तुम्हाला माहीत नसेल तर मी काही लिहिलं नाही.)

तुमच्या लेकीचा फोन तुम्हाला आलाच असेल, आणि मामी आपल्या हाताने धंदा बुडवते आहे, हेही तिने सांगितलं असेल. एक बाजू ऐकलीत, आता दुसरी वाचा. मीही फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात तुमची ती सोय नाही.

तुमचा भाऊ गेल्यापासून आपलं सलून कारागीरच सांभाळतो. त्याचा हात चांगला आहे, पण तोंडाला कुलूप. आणि गिऱ्हाईक सलूनमध्ये निम्मं कापायला येतं नि निम्मं बोलायला. त्यात समोर काचेच्या दाराचं नवं सलून निघालं. तिथे म्हणे डोकं धुताना खुर्ची आपोआप मागे कलते. आमची खुर्चीही कलते, पण तिच्या मनात आलं तर. तुम्ही म्हणालात, दुकान आवर आणि आमच्याकडे राहायला ये. तुमच्या लेकीने मधला मार्ग काढला. ती आठवडाभराची म्हणून आली ती अजून इथेच आहे. म्हणाली, "मामी, माणसं खुर्चीपर्यंत येत नाहीत ना, मग आपण माल माणसांपर्यंत नेऊ. मामाचं तेल ऑनलाइन विकू. चाललं तर दुकान ठेव, नाही चाललं तर आईचं ऐक." मी कबूल झाले. (तुमच्याकडे यायला माझी ना नाही, वन्सं. पण तुमच्या घरी जेवणं झाली की दिवे मालवतात, आणि मला पुस्तक घेतल्याशिवाय झोप येत नाही.)

तेल तुम्हाला माहीत आहे. मागच्या खोलीत हे स्वतः उकळायचे, आता मी उकळते. लेकीने बाटल्यांचे फोटो काढले, कंगव्यांचे काढले, मग म्हणाली की मालकाचाही एक फोटो हवा, त्याने विश्वास बसतो. मी आरशावरचा यांचा फोटो उतरवून दिला. त्या फोटोत टक्कल इतकं स्वच्छ आहे की फोटोवाल्याचा दिवा त्यात दिसतो. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, मला ते डोकं तसंच ठाऊक. पेज सुरू झालं. लोक यायचे, फोटो बघायचे आणि जायचे. एकच बाटली खपली, ती कारागिराच्या बायकोने मागवली, आणि ती न्यायलाही कारागीरच होता.

शेवटी लेकीने डोक्याला हात लावला. म्हणाली, "मामी, टकल्या माणसाच्या फोटोखाली केसांचं तेल! कवळी लावलेल्या डॉक्टरकडे तू दात दाखवायला जाशील का?" मी म्हटलं, जाईन, त्याला दुखणं तरी माहीत असेल. ती म्हणाली, "मामाचा केस असलेला एखादा फोटो काढ." आता कुठून काढू? लग्नातल्या सगळ्या फोटोंत यांच्या डोक्यावर टोपी आहे, आणि ती का आहे हे मला लग्नानंतर कळलं. (त्या फोटोत शेजारी तुम्हीच उभ्या आहात, वन्सं. भावाची बाजू राखलीत, चकार शब्द काढला नाहीत. असो, झालं ते झालं.)

मग लेकीने यांना पेजवरून उतरवलं आणि तिथे एक मुलगी चढवली. कोण, कुठली, तिने जन्मात आपलं तेल पाहिलेलं नाही, पण केस असे की त्यांचं ओझं मानेला पेलतं कसं हाच प्रश्न पडावा. आणि काय सांगू, झुंबड उडाली. फोन सारखा टुणटुण वाजायला लागला. मी बाटल्या भरायची, लेक पत्ते चिकटवायची. बांधणीचं सामान संपलं तेव्हा मी सलूनमधले जुने कागद घेतले, तेच, जे कारागीर खुर्चीखाली पसरतो. झटकले होते हो मी! पण केसच ते, चिकटायचे तिथे चिकटले. एका बाईंनी पेजवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "तेलाने केस येतील अशी आशा होती. ते पार्सलमधूनच येतील असं वाटलं नव्हतं." खाली कोणीतरी विचारलं, "रंग निवडता येतो का?"

ही चूक माझी, मी मान्य केली. पण लेक जिच्यावरून रागावली ती गोष्ट वेगळी. यांचा नियम तुम्हाला आठवत असेल, डोक्याला हात लावून बघितल्याशिवाय बाटली द्यायची नाही. कोरड्या डोक्याला वेगळं, कोंड्याला वेगळं, आणि ज्याला कशाचाच उपयोग नाही त्याला चहा. आता पार्सलमधून हात कसा लावणार? म्हणून मी एकेकाला फोन करून विचारायला लागले. केस किती, कोंडा आहे का, झोप लागते का, घरात सगळं ठीक ना. (शेवटचे दोन प्रश्न माझे नाहीत, यांचेच. हे म्हणायचे, अर्धे केस काळजीने जातात.) एका बाईंना सांगितलं, तुम्हाला तेल नको, पाण्याची टाकी धुवून घ्या. एका तरुणाला सांगितलं, आधी नोकरी बदल. निम्म्या ऑर्डरी रद्द झाल्या. लेक म्हणाली, "मामी, असं दुकान मी कुठेच पाहिलं नाही, जिथे गिऱ्हाईक पैसे घेऊन मागे लागलंय आणि दुकानदार पळतोय!" तिचंही चूक नव्हतं. मी दोन दिवस फोनला हात लावला नाही. माझे हात नुसते शिवशिवत होते.

तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांनीच फोन केला. तेल लावून महिना होत आला, काही उगवत नाही, म्हणाले. विचारपूस केली तर डोक्यावर उगवायला बियाणंच शिल्लक नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, या तेलाने केस येत नाहीत. आले असते तर आमच्या घरात आले नसते का? मी स्वतः रोज रात्री चोळून देत होते." ते म्हणाले, "केस येत नव्हते, मग चोळत कशाला होता?" मी म्हटलं, "त्यांना बरं वाटायचं." त्यावर ते म्हणाले, "बाटली परत पाठवत नाही. बायकोला विचारून बघतो." आणि एक कंगवाही मागवला. तो कशाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. आधी हसली, मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली ती कॉम्प्युटरपाशी बसली. त्या केसाळ मुलीला काढून तिने मामाला परत वर बसवलं आणि खाली लिहिलं, "या तेलाने नवे केस येत नाहीत. यांनाही आले नाहीत. आहेत ते मात्र नीट राहतात. मागवण्याआधी मामीशी बोला." बोलायला एक बटण ठेवलं. तो मजकूर तिचा आहे, वन्सं, माझा नाही. माझ्याने तेवढं थोडक्यात झालं नसतं, हे तुम्हाला या पत्रावरून दिसतंच आहे.

आता विक्री त्या मुलीइतकी नाही, पण माल परत येत नाही. काहीजण बटण दाबतात ते नुसतं बोलायला, तेल राहतंच बाजूला. त्यातले थोडे शेवटी लाजून एक बाटली घेतात. गावातले दोघंतिघं तर थेट खुर्चीत येऊन बसले, आणि कारागीर परवा चक्क "मान खाली" म्हणाला. दुकानाचं भाडं सुटतं आहे. तेव्हा मी दुकान आवरत नाही. राग मानू नका. गुडघ्याला तेल पाठवते आहे, स्वच्छ कागदात.

तुमची,
वहिनी

ता. क. एवढं पत्र लिहिलं आणि मूळ गोष्ट राहिलीच. यांचा शाळेतला एक फोटो तुमच्याकडे आहे असं हे एकदा म्हणाले होते, डोक्यावर केस असलेला. तो पाठवाल का? दुकानासाठी नको आहे. लेकीला तर दाखवूच नका, ती लगेच पेजवर चढवेल. इतकी वर्षं मी त्या डोक्याला तेल लावलं, पण भांग कुठल्या बाजूला पाडायचे ते मला माहीत नाही. तेवढं बघायचं आहे.

आणखी एक. त्याही फोटोत टोपी असली, तर मला कळवू नका. फोटो सापडला नाही, एवढंच लिहा. भावाची बाजू राखायची तुम्हाला सवय आहेच.