कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं

प्रिय सुरेखा,

भाऊबीजेला तू उपाशीच पैठणची एसटी धरलीस, त्याला आता महिना व्हायला आला. त्यानंतर तुझा एकदा फोन आला, तो संध्यानं घेतला. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तुझ्या वहिनीनं तुला ते सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. ओवाळताना तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "दादा, ओवाळणीत मला दुसरं काही नको, तुझा अभय माझ्या शिवकन्येला दे." मी नुसतं ओवाळणीचं पाकीट पुढं केलं. त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण पहिल्याच ओळीत लिहायला हात चालेना. तू लहानपणापासून उतावळी, गोष्टीचा शेवट आधी सांग म्हणून आईच्या मागं लागायचीस. आज जरा दम धर. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू फोन स्पीकरवर टाकून मागावर बसतेस, आणि मग दाजी, शेजारणी, अर्धं पैठण आपलं बोलणं ऐकत असतं.

दुकान ठीक चाललंय. औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीत आता फोटो काढणाऱ्यांपेक्षा मोबाइलची कव्हरं विकणारेच जास्त झालेत, पण लग्नाच्या ऑर्डरी अजून येतात. तुळशीचं लग्न लागलं आणि तारखा भरल्या. या हंगामात रात्रीची लग्नं माझा भागीदार अल्तमश करतो आणि मी दिवसाची. हळद, साखरपुडा, बारशी, असलं उजेडातलं सगळं माझ्याकडे. आम्ही अशी वाटणी का केली ते कळण्यासाठी तुला थोडं कॅमेऱ्याचं ऐकून घ्यावं लागेल. तू पैठणीतला मोर कसा उतरतो ते मला इतक्या वेळा सांगितलंस आणि मी निमूट ऐकलं, आता माझी पाळी.

मागच्या दोन-तीन वर्षांत माझे फोटो फसायला लागले होते. आजकाल नवरी मांडवात येते तेव्हा सगळे दिवे घालवतात, धूर सोडतात, मागून निळा-जांभळा उजेड टाकतात, आणि ती नाचत येते. फोटो काढणाऱ्याला याहून वाईट काही नसतं. उजेड नाही आणि माणूस एका जागी थांबत नाही. माझा जुना कॅमेरा अशा वेळी चाचपडायचा. लेन्स आत-बाहेर करत राहायची, तोवर नवरी दोन पावलं पुढं आलेली असायची, आणि फोटोत तिच्या मागच्या झेंडूच्या माळा लख्ख आणि तिचा चेहरा पुसट. त्या कॅमेऱ्यात मधला ठिपका चेहऱ्यावर आपणच धरून ठेवायचा असतो, मग तो फोकस करतो. एवढी वर्षं मी ते झोपेतही केलं असतं. आता चेहरा ठिपक्यातून निसटायचा आणि कुठं गेला ते मला कळायचंच नाही. मी दोष कॅमेऱ्याला दिला. लेन्स दोनदा दुरुस्तीला पाठवली, दोन्ही वेळा तिच्यात काही दोष नाही म्हणून ती परत आली, आणि मी दुरुस्तीवाल्यालाही शिव्या दिल्या.

शेवटी अल्तमशनं नवीन कॅमेरा घ्यायला लावला. सुरेखा, तू तो बघायला हवा होतास. समोर माणूस आला की त्याच्या डोळ्यावर एक छोटासा चौकोन जाऊन बसतो. माणूस चालला की चौकोन चालतो, त्यानं मान फिरवली की दुसरा डोळा पकडतो. गर्दीत मधेच कुणी आडवं गेलं तरी परत येऊन त्याच डोळ्यावर बसतो. अगदीच काळोख असला तर तोही चुकतो, कधी नवरी सोडून करवलीला धरतो, पण माझ्यापेक्षा कमी चुकतो. आणि आणखी एक गोष्ट आहे. जुन्या कॅमेऱ्यात आरशातून समोरचं जसंच्या तसं दिसायचं, अंधार असला की अंधार. या नव्या कॅमेऱ्याला डोळा लावला की आत एक चिमुकला पडदा आहे, त्यावर अंधारातलंही सगळं उजळून दिसतं. पहिल्या लग्नात मी तो डोळ्याला लावला आणि हॉलच्या कोपऱ्यात बसलेली म्हातारी, तिच्या मांडीवरचं झोपलेलं पोर, सगळं दिसलं. मला वाटलं सगळ्यांनाच असं नव्यानं दिसत असेल. अल्तमशला म्हणालो, अरे, काय दिसतंय बघ. त्यानं डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, त्यात काय, एवढं तर तसंही दिसतंय. तेव्हा मी त्यावर फार विचार केला नाही. फोटो चांगले यायला लागले, लोक नावाजू लागले, आणि मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेईनासा झालो.

उन्हाळ्यात बीड बायपासवरच्या एका लॉनवर निकाह होता. रुखसतीची वेळ. मुलगी निघाली होती, बायका रडत होत्या, मंडपाचे मोठे दिवे मालवून नुसत्या बारक्या माळा ठेवल्या होत्या. मी उलटा चालत तिचे फोटो काढत होतो. चौकोन तिच्या डोळ्यावर घट्ट होता, एकही फोटो हलला नाही. मग बापानं तिला जवळ घेतलं. अशा वेळी मी नेहमी कॅमेरा खाली करतो, तेवढं क्षणभर त्यांचं त्यांना असू द्यावं म्हणून. तसा खाली केला आणि माझ्यासमोर काहीच नव्हतं. मुलगी नव्हती, बाप नव्हता, रडण्याचा आवाज तेवढा येत होता. मी एक पाऊल बाजूला टाकलं आणि कारंज्याच्या कठड्यावरून पाण्यात पडलो. लोक हसले, मीही हसलो, कॅमेरा तेवढा वर धरून ठेवला होता. गाडीत बसल्यावर अल्तमशनं मला अंग पुसायला रुमाल दिला. मग म्हणाला, "भाई, कॅमेरा तो सब देख रा, तुम नै देख रे. किसी अच्छे डॉक्टर को दिखाओ." तो चेष्टा करत नव्हता.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, चारी बाजूंनी बारीक ठिपके दाखवले आणि दिसला की बटण दाब म्हणाले. मी फार थोड्या वेळा दाबलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं जातं, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं, आणि तेही किती टिकेल ते सांगता येत नाही. गोळी नाही, ऑपरेशन नाही. मला वाईट वाटलं असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. बाहेर आलो, चहा घेतला, ठरल्याप्रमाणे एका जावळाचे फोटो काढायला गेलो आणि नीट काढले. आजही काही वाटत नाही. संध्या रडते तेव्हा मी तिच्याकडे बघत बसतो आणि मनात येतं, हिच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड डावीकडून चांगला पडलाय. मला माझीच थोडी भीती वाटते.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी नाही म्हणालो. रात्री जेवताना बाबा आठवले. दिवस मावळल्यावर शेतातून येताना ते बैलाच्या वशिंडावर हात ठेवून चालायचे, आणि आपण म्हणायचो, बाबांचा बैलावर किती जीव. डोळ्यांना चांगला म्हणून आई त्यांना शेवग्याचा पाला खाऊ घालून थकली. बाबांनी स्वतः कधी कुणाला सांगितलं नाही, किंवा सगळ्यांनाच असं दिसतं अशी त्यांचीही समजूत असेल. मग माझं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. रिपोर्ट दिवाळीच्या आधी आला. म्हणजे तू ताट घेऊन समोर बसलीस तेव्हा मला सगळं माहीत होतं. तुला राग आहे तो ओवाळणीचा, हेही मला कळतं. तू ट्यूब बंद करून नुसत्या निरांजनाच्या उजेडात ओवाळलंस, तुला ते आवडतं. मी पाकीट ताटात ठेवलं असं मला वाटलं, आणि ते तुझ्या पायाशी जमिनीवर पडलं. तुला वाटलं दादानं भिरकावलं. अगं, मला ज्योत दिसत होती. ताट कुठं संपतं ते दिसत नव्हतं.

आता अभयचं. त्याचे डोळे तपासले, चांगले आहेत, तुझेही चांगलेच असणार, तू अजून दिवेलागणीला जरीची तार ओवतेस. पण हा आजार अर्धा-अर्धा येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईकडून अर्धा, बापाकडून अर्धा, दोन्ही मिळाले तरच डोळे जातात. आपले आईबाबा आते-मामे भावंडं, दोघांच्याही रक्तात तो होता, म्हणून मला पुरा मिळाला. माझ्याकडून अभयला अर्धा नक्की गेलाय. बाबांना तर पुराच होता, म्हणून त्यांच्याकडून तुलाही अर्धा आलाच आहे, आणि तुझ्याकडून शिवकन्येला गेला असेल किंवा नसेल. भाऊबीजेनंतर मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, फक्त या दोघांचं विचारायला. ते म्हणाले, ही दोघं वेगवेगळ्या घरात दिली तर बहुधा काही होणार नाही. एकमेकांना दिली तर त्यांच्या एखाद्या लेकराला माझ्यासारखं होऊ शकतं. होईलच असं नाही, शिवकन्येचं रक्त तपासून बघता येतं, असंही म्हणाले. मी अभयला सगळं सांगितलं. पोरगा लहानपणापासून शिवकन्येच्या नावानं चिडवला की लाजायचा, तुला माहीत आहे. तो ऐकून घराबाहेर गेला आणि संध्याकाळी परत आल्यावर म्हणाला, नको बाबा, आत्याला नाही म्हणून सांगा. तपासणी तिच्या वाट्याला यायला नको, असंही म्हणाला. 

तर सुरेखा, उत्तर नाही असं आहे, आणि ते शिवकन्येला तूच सांगायचंस, खरं कारण सांगून, तिला एकटीला. दाजींनाही सांग, पण ही गोष्ट त्यांच्यापुढं जाऊ देऊ नकोस. पण हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं नाही, एवढं तर संध्यानं फोनवरही सांगितलं असतं. तू सगळ्यांदेखत मागितलंस, म्हणून सगळे विचारतील, मामानं नाही का म्हटलं? खरं कारण गावात फुटलं तर शिवकन्येला बघायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्या डोळ्यांत बघेल. म्हणून सांग, दादा शहरात जाऊन माजला, त्याला आता पैठणची पोर नको, ओवाळणी कशी फेकली ते बघितलंत ना. लोकांना ते लगेच पटेल. तिच्या लग्नाला मला बोलावू नकोस. मी आलो तर मांडवात अडखळेन आणि चार लोक बघतील. मामा म्हणून तिच्या मागं उभं राहायला आपला चुलतभाऊ फकिरा आहे. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, माझ्याविरुद्ध कुणी शब्द काढला की तू भांडायला उठतेस. या वेळी उठायचं नाही. बायका मला नावं ठेवायला लागल्या की त्यांच्यात बसून राहायचं, आणि तूही दोन शब्द बोलायचे. एवढंच तुझ्याकडे मागतोय.

तुझाच,
दादा