पदर

प्रिय धाकट्या,

आई गेल्यापासून तू मला पत्र लिहिले नाहीस, मीही तुला लिहिले नाही. आज लिहिते आहे, त्याला कारण आहे. ते यथावकाश येईल. तू मला ‘लाल पेन’ म्हणून चिडवायचास. त्या पेनाला शेवटी मनाजोगते काम मिळाले. बाबांचा कारखाना ज्यांनी विकत घेतला, त्यांनी त्याचा इतिहास लिहायला मला सांगितले. दुसऱ्या कोणी लिहिलेला मला वाचवला नसता.

पत्र्याची शेड, पहिली टाकी, तिच्यातले पोटॅशचे पाणी आणि त्यात बुडवलेल्या विजेच्या दोन पट्ट्या, सारे लिहिले. एका पट्टीपाशी हायड्रोजन निघे, तो काचेच्या कारखान्याला जाई. दुसरीपाशी ऑक्सिजन, तो वेल्डरांना आणि इस्पितळाला. दोन्ही वायू एकत्र आले तर एका ठिणगीने छप्पर उडाले असते, म्हणून मधे ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा पडदा. ते कापड पाहून शिंप्याने हात वर केले. आईने ते मागच्या खोलीत, पायमशीनवर शिवले.

तुला ती दुपार आठवत असेल. आपण त्याच खोलीत फूटपट्टीवरून एकमेकांच्या झिंज्या ओढत होतो आणि आईने मशीन न थांबवता आपल्या मधे पदर धरला. बाबा दारात येऊन विचारत होते, पडदा कुठवर आला. “होतोय की. तुमच्या टाकीतही असलीच दोन कार्टी दिसतात. मधे पदर धरल्याशिवाय निभत नाही.” बाबा हसले. ते किती क्वचित हसत, हे तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये तोच शब्द. पदर विरला, पदर बदला, नवा पदर आहे, बेताने चालवा. पुढे कारखान्यात काम करू लागल्यावर मी प्रत्येक आराखड्यावर ‘विभाजक पटल’ असे शुद्ध लिहू लागले. फिटर ते मोठ्याने वाचून विचारत, “म्हणजे पदरच ना, बाई?”

शिवून झाले की आई हातांवरची पांढरी लव झटकायची. ती गेली तेव्हा डॉक्टरांनी दाखल्यावर दमा लिहिला. तू सगळ्यांदेखत म्हणालास, “दमा नाही, त्या पदरानं नेलं तिला,” आणि बाबांकडे न बघता निघून गेलास. “ती लव छातीत बसते, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?” असे बाबा म्हणाले आणि मी त्यांच्या बाजूला उभी राहिले, कारण ते खरे होते. तुझेही खरे होते. ही दोन वाक्ये एका कागदावर शेजारी कशी बसवावीत, हे मला आजवर सुचलेले नाही.

आता कारण. ज्याला विभक्तिप्रत्यय धड लावता येत नाहीत अशा एका संपादकाने माझ्या हस्तलिखितातला प्रत्येक ‘पदर’ खोडून ‘विभाजक पटल’ केले आहे. समासात शेरा : ‘बोली शब्द, उगमाला आधार नाही.’ आई पगारपत्रकावर नव्हती, एकाही छायाचित्रात नाही. त्या इतिहासात ती एवढ्या एका शब्दापुरती आहे. तो गेला की ती गेली. मी नव्या मालकांच्या अध्यक्षांशी भांडले. ते अदबीने म्हणाले, “तुमच्याखेरीज आणखी कुणी साक्षीला असेल तर ठेवू.” बाबा नाहीत, जुने फिटर नाहीत. त्या खोलीतला उरलेला साक्षीदार तू आहेस. पुस्तक छपाईला जाण्याआधी तो शब्द कसा आला, ते तुझ्या हाताने लिहून पाठव. मला उद्देशून लिहू नकोस हवे तर. त्या पदराने तिचे काय केले, तेही लिहायचे असेल तर लिही. तेही छापल्याशिवाय मी पुस्तकाला माझे नाव देणार नाही. जसे लिहिशील तसेच जाईल. ऱ्हस्वदीर्घालासुद्धा हात लावणार नाही.

तुझीच,
ताई