आईच्या गाण्याची ओळ

नॅशव्हिल, ९ ऑगस्ट

ती. डेल्फिया आत्यास,
लीथाचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

तुझा ब्लॅकबेरीचा जॅम पोचला. झाकणावर तू 'एकटीने खा' असं लिहिलं होतंस. ते बँडमधल्या चौघांनीही वाचलं, त्यामुळे बरणी एका सकाळीत रिकामी झाली.

आता मुद्द्याचं. चौदा सप्टेंबरला, शनिवारी दुपारी चार वाजता, आपल्या केटल क्रीकच्या शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, आमचा कार्यक्रम ठरला आहे. बँजो, फिडल, मँडोलिन, ड्रम आणि देवाची गाणी. डॅडींना वाद्यंही चालतात आणि देवाची गाणीही चालतात, दोन्ही एकत्र मात्र चालत नाहीत. पोर्चवर मांडीवर बसवून बँजो त्यांनीच मला शिकवला. पण आईच्या अंत्यविधीत मी तो चर्चमध्ये वाजवायला घेतला, तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. तो अजून त्यांच्याकडेच आहे. तीन वर्षं झाली, आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

मी ठरवलं आहे की शेवटचं गाणं आईचं, नदीकाठचं. त्या वेळी सगळी वाद्यं खाली ठेवायची आणि आपल्या चर्चच्या मंडळीत गातात तसं गायचं, म्हणजे एकाने ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती संथपणे ओढत गायची. ओळ मी देणार नाही. आपल्यात ती पुरुषच देतात, आणि या गाण्याची ओळ डॅडींशिवाय दुसऱ्या कोणी दिलेली मी ऐकलेली नाही. त्यांना एवढंच सांग. ते आले नाहीत तर आम्ही गप्प उभे राहू.

लोभ आहेच, तो बरणी भरभरून वाढावा.
तुझी लीथा

केटल क्रीक, १९ ऑगस्ट

चि. लीथास,
डेल्फिया आत्याचे अनेक आशीर्वाद.

निरोप काल जेवताना दिला. चुकलंच माझं. माझ्या भावाला घास तोंडात असताना काही सांगू नये, हे साठ वर्षांत मला कळायला हवं होतं. व्हर्लिनने चमचा ठेवला तो ठेवलाच. म्हणाला, ज्या छपराखाली देवाच्या नावाने वाद्य वाजतं त्या छपराखाली पाय ठेवणार नाही, अशी शपथ त्याने आमच्या वडलांपुढे घेतली आहे, आणि मुलगी लाडकी आहे म्हणून शपथ पातळ होत नाही. मी म्हटलं, जिमचं छप्पर गळकं आहे, अर्धी शपथ पुरेल. हसला नाही.

एक मात्र विचारलं, गाणं कोणतं म्हणून. मी सांगितलं. मग उठून कोंबड्यांना दाणे घालायला गेला. ते मी आधीच घातले होते.

पोरी, भरल्या सभेत गप्प उभं राहणं ही गंमत नाही. ओळ द्यायला दुसरा कोणी बघून ठेव. ऐक माझं.

जेवत जा, आणि म्हातारीवर माया राहू दे.
डेल्फिया आत्या

नॅशव्हिल, २६ ऑगस्ट

ती. आत्यास सप्रेम सलाम.

दुसरा कोणी नको. मी त्यांचीच मुलगी आहे, हट्ट मलाही येतो. जिमचं बाजूचं दार तेवढं उघडं ठेवायला सांग, उकडेल फार.

तुझी लीथा

केटल क्रीक, १६ सप्टेंबर

चि. लीथास अनेक आशीर्वाद.

कार्यक्रम संपताच तुमची गाडी पुढच्या गावाला निघाली, त्यामुळे बोलणं राहून गेलं. स्टेजवरून तुला जे दिसलं नसेल ते लिहिते.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिलंच गाणं सुरू झालं आणि तुमच्या ड्रमवाल्या पोराच्या पायाने वाजणाऱ्या ड्रमचा ठोका जमिनीतून थेट माझ्या कवळीपर्यंत आला. खरं सांगते, माझा पाय ठेका धरू लागला. त्यावर पर्स ठेवली, तर पर्सही हलायला लागली. शेजारची हळवी आयडा तर पहिल्यापासून रडत होती, आणि तिची नात हात वर करून नाचत होती. एवढा आनंद मला आवडला, यात पाप असेल तर असो.

मग तुम्ही वाद्यं खाली ठेवलीत. चारशे माणसं उभी, आणि कोणी बोलेना. पंखे तेवढे घरघरत होते. मी मनात म्हटलं, संपलं, पोरीची शोभा झाली. तेवढ्यात बाजूच्या दारातून ओळ आली. व्हर्लिन उंबऱ्याच्या बाहेर उभा होता, हॅट छातीशी धरून. त्याचे बूट मी मुद्दाम पाहिले. एक इंचही आत नव्हते.

आम्ही ओळ उचलली आणि त्या पोराचा पाय सवयीने ड्रमवर पडला. धप्प! व्हर्लिन थांबला आणि त्याने हॅट डोक्यावर ठेवली. माझा जीवच गेला.  तो ड्रम दोन्ही हातांनी उचलून तू स्टेज उतरलीस, सगळ्यांमधून चालत त्याच दाराशी गेलीस आणि व्हर्लिनच्या पायाशी, बाहेर, ठेवून परत आलीस. त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. त्याने मात्र तू स्टेजवर चढेपर्यंत पाहिलं. मग हॅट काढली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर कसं गायलं गेलं ते मी काय सांगू! माझ्या वहिनीची मला इतकी आठवण तिच्या अंत्यविधीतही आली नव्हती.

शेवटची ओळ देऊन तो गेला. मला न्यायलाही थांबला नाही, चालत यावं लागलं.

गुडघे दुखत आहेत, तरी लोभ तसाच.
डेल्फिया आत्या

केटल क्रीक, २० सप्टेंबर

चि. लीथास आशीर्वाद.

मी शपथ मोडलेली नाही. डेल्फिया साक्षीदार आहे.

गाणं बरं झालं. तिसऱ्या ओळीला तू घाई केलीस. तुझी आईही तिथेच घाई करायची.

अंत्यविधीच्या दिवशी बँजो घेतला तो चर्चच्या आत होतो म्हणून घेतला. ते मी पुन्हाही करीन. पण बाहेर आल्यावर तो तुला परत द्यायला हवा होता. दिला नाही. ती माझी चूक.

पोर्च म्हणजे चर्च नव्हे. काल मी तारा बदलल्या. सूर लावलेला नाही, तो तू येऊन लाव.

तुझा,
डॅडी